मांजराची नखे : कापावीत की काढावीत?

- प्रतिनिधी

सोफ्याच्या हाताची उसवलेली शिवण, पडद्याचे लोंबणारे धागे आणि घरातील लहान मुलाच्या मनगटावर उमटलेली लालसर रेघ, या तीन गोष्टी मांजर पाळणाऱ्या घराला अपरिचित नसतात. पहिले काही दिवस त्याचे कौतुकच होते. पुढे सोफ्याला दुसऱ्यांदा कापड चढविण्याची वेळ आली, की या नखांचा काही कायमचा बंदोबस्त करता येईल का, असा प्रश्न घरात निघतो. अमेरिकेत स्थायिक झालेले कुणी नातेवाईक असले तर उत्तरही तयार असते : ‘तिकडे एक लहानसे ऑपरेशन करून नखेच काढून टाकतात. मग मांजर सोफा फाडत नाही.’

यातील दुसरे वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे. पहिल्यात मात्र दोन चुका आहेत. हे ऑपरेशन लहानसे नसते आणि त्यात केवळ नखे काढली जात नाहीत.

नख नव्हे, बोटाचे पेर

माणसाचे नख बोटाच्या मांसावर टेकलेले असते. अपघाताने ते मुळासकट निघाले तरी बोट शाबूत राहते. मांजराचे नख बोटाच्या अगदी शेवटच्या हाडाला घट्ट बसलेले असते आणि त्या हाडापासूनच वाढते. ते पुन्हा उगवू नये असे वाटत असेल, तर हाडालाही हात घालावा लागतो. पशुवैद्यकशास्त्रात ‘ऑनिकेक्टमी’ आणि एरवी ‘डीक्लॉइंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर सांध्यापाशी कापून वेगळे केले जाते. मांजराच्या पुढच्या दोन पायांना मिळून दहा बोटे असतात आणि बहुधा याच पायांवर शस्त्रक्रिया होते. म्हणजे एका भुलीत दहा वेळा अंगच्छेद. आपल्या हाताची बोटे नखामागच्या सांध्यावर छाटली तर काय उरेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हे काम शस्त्राने होते, कात्रीसारख्या अवजाराने होते किंवा लेसर किरणांनी होते. लेसरने रक्तस्राव कमी होतो. मात्र ‘लेसर’ हा शब्द ऐकून काही सौम्य प्रकार असावा अशी जी समजूत होते, तिला आधार नाही. कापले जाते ते पेरच. आणखी एक पर्याय सुचविला जातो, तो नख बाहेर काढणारी शीर, म्हणजे स्नायुबंध, छेदण्याचा. त्यात पेर राहते, नखही राहते. परंतु ते मांजराला हवे तेव्हा बाहेर काढता येत नाही. झिजण्याचा मार्ग बंद झाल्याने अशी नखे जाड होतात, वळतात आणि जन्मभर कुणी तरी नियमितपणे कापावी लागतात. नखे कापण्याचा कंटाळा हेच ज्या घरात शस्त्रक्रियेचे कारण होते, तेथे हा पर्याय विनोदीच म्हणावा लागेल.

मांजर तळपायावर चालत नाही, बोटांवर चालते. शरीराचा भार ज्या टोकावर तोलला जातो तेच टोक नाहीसे झाल्यावर पाऊल टाकण्याची पद्धत बदलते आणि त्याचा ताण पुढे पाठीपर्यंत पोहोचतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच दिसणारे वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लंगडणे हे त्रास पशुवैद्यकांना जुने आहेत. दीर्घकाळ राहणारे त्रास लक्षात यायला मात्र वेळ लागला, कारण मांजर दुखणे लपवते. ते कण्हत नाही; कोपरा धरून बसते, उडी मारायचे टाळते, आणि घरातील मंडळी ‘आता शांत झाले’ असे समाधान मानतात.

‘जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात वारंवार उद्धृत होतो. २०१७ मध्ये समोर आलेल्या या अभ्यासात नखे काढलेली १३७ आणि नखे असलेली १३७ मांजरे तपासण्यात आली. नखे काढलेल्या मांजरांत पाठदुखीची शक्यता सुमारे तिप्पट, चावण्याची शक्यता चौपटीहून अधिक आणि ठरलेल्या जागेऐवजी भलतीकडेच मलमूत्र विसर्जन करण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली. क्ष-किरण तपासणीत त्यांपैकी ६३ टक्के मांजरांच्या पंजात कापलेल्या हाडाचे तुकडे राहून गेलेले दिसले. शस्त्रक्रियेतील त्रुटीमुळे राहिलेले असे तुकडे पावलागणिक टोचतात.

यातील मलमूत्राचा मुद्दा घरमालकांच्या दृष्टीने कळीचा आहे. दुखऱ्या पंजांनी वाळू उकरणे मांजराला नकोसे होते. वाळूची पेटी म्हणजे वेदना, असे समीकरण त्याच्या मनात बसले की ते मऊ जागा शोधते : गादी, धुतलेल्या कपड्यांचा ढीग किंवा ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला तो सोफा. नख नसलेल्या मांजराकडे स्वसंरक्षणाचे दुसरे साधन दात हे असते. पूर्वी जे मांजर पंजा दाखवून इशारा देत असे, ते आता सरळ चावते; आणि मांजराचा चावा ओरखड्यापेक्षा खोल जातो व अधिक चिघळतो.

अमेरिकेत हे रुजले कसे?

मांजर पूर्वी तेथेही घराबाहेर हुंदडत असे. १९४७ मध्ये मिशिगन राज्यातील एडवर्ड लो यांनी ओलावा शोषणारी भाजकी माती मांजराच्या विधीसाठी विकायला सुरुवात केली आणि मांजर दिवसरात्र घरात राहू शकेल अशी सोय झाली. मांजर आत आले. झाडाचे खोड बाहेरच राहिले. नखे चालवायला आता गालिचे आणि कोच तेवढे उरले. १९५० च्या दशकापासून नखे काढण्याची शस्त्रक्रिया तेथे पसरू लागली आणि पुढे नसबंदीबरोबरच ती ‘उरकून घेण्याची’ पद्धत पडली. काही घरमालक तर भाडेकरूच्या मांजराची नखे काढलेली असावीत अशी अट घालत. अमेरिकेत भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही अशी अट समोर येऊ शकते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१३ पासून घरमालकाला अशी अट घालण्यास कायद्याने मनाई आहे, हे तेथील वाचकांनी ध्यानात ठेवावे.

युरोपची भूमिका पहिल्यापासून वेगळी होती. युरोपीय परिषदेने १९८७ मध्ये पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी जो करार केला, त्यात उपचाराचा हेतू नसताना नखे वा सुळे काढणे, शेपूट किंवा कान छाटणे या गोष्टी निषिद्ध ठरविल्या. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने हीच दिशा घेतली. इस्रायलने २०११ मध्ये बंदी आणली.

अमेरिकेतील लढाई मात्र शहराशहरांतून झाली आणि तिची सुरुवात मांजराच्या थोरल्या भावंडांपासून झाली. पशुवैद्यक डॉ. जेनिफर कॉनरॅड या कॅलिफोर्नियात चित्रपटांसाठी पाळलेल्या वाघ-सिंहांवर उपचार करीत. नखे काढलेल्या या प्राण्यांना धड चालता येत नाही, हे पाहून त्यांनी त्यांच्या पंजांवर दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि ‘पॉ प्रोजेक्ट’ ही संस्था उभी केली. वाघांचे दुःख दिसल्यावर वाघाच्या मावशीकडे लक्ष जाणे ओघानेच आले. २००३ मध्ये वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहराने मांजरांची नखे काढण्यावर बंदी घातली. अमेरिकेतील ती पहिली बंदी. राज्यातील पशुवैद्यकांच्या संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले. २००७ मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. त्यावर २००९ मध्ये राज्यात असा कायदा झाला, की २०१० पासून शहरांना अशा बंद्या घालता येणार नाहीत. परिणाम उलटाच झाला. मुदत संपण्यापूर्वी लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को यांसह अनेक शहरांनी घाईघाईने बंदीचे ठराव संमत करून घेतले! जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्क हे संपूर्ण बंदी घालणारे पहिले राज्य ठरले. तेथे एक हजार डॉलरपर्यंत दंड आहे. मेरीलँड (२०२२), व्हर्जिनिया (२०२४) आणि मॅसॅच्युसेट्स (२०२५) यांनी त्याचे अनुकरण केले. कॅनडात २०१८ मध्ये नोव्हा स्कोशिया आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांनी सुरुवात केली.

शस्त्रक्रियेच्या समर्थकांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. नखांना कंटाळून लोक मांजर निवारागृहात सोडतील, तेथे जागा नसली तर ते मारले जाईल. त्यापेक्षा नखे गेलेली बरी, असे ते म्हणत. परंतु घाण करणे आणि चावणे ही मांजर सोडून देण्याची कारणे ओरबाडण्यापेक्षा लहान नाहीत, आणि शस्त्रक्रियेने नेमकी तीच वाढण्याचा धोका असतो. ब्रिटिश कोलंबियात बंदीनंतरच्या निवारागृहांच्या नोंदी तपासल्या असता मांजरे सोडण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेनेही २०२० मध्ये आपले धोरण सुधारून, वैद्यकीय गरज नसताना ही शस्त्रक्रिया करण्यास उत्तेजन देऊ नये, अशी भूमिका घेतली. नखाच्या मुळाशी गाठ असणे किंवा बरा न होणारा संसर्ग होणे, ही वैद्यकीय गरज. सोफा ही नव्हे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

भारतात ही शस्त्रक्रिया अमेरिकेसारखी कधीच रुळली नाही. मांजराच्या नखांचे नाव घेऊन तिला बंदी करणारे कलमही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात नाही. मात्र त्यातील कलम ११ अन्वये प्राण्याचा अवयवच्छेद करणे हा गुन्हा आहे. गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, वेसण घालणे यांना विहित पद्धतीने करण्याची सूट त्याच कलमात दिली आहे. मांजराची बोटे त्या यादीत नाहीत. शिक्षा मात्र हास्यास्पद आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० मध्ये ही रक्कम लहान नव्हती, आज तेवढ्यात मांजराचे एक वेळचे खाणेही येत नाही. त्यामुळे निर्णय अखेर मांजराच्या मालकावर आणि पशुवैद्यकाच्या विवेकावर येऊन ठेपतो.

ओरबाडणे ही खोडी नव्हे

मांजर सोफा फाडते ते आपल्यावरचा राग काढण्यासाठी, हा समज आधी सोडायला हवा. नखावरचे जुने आवरण टरफलासारखे निघून आत नवे, धारदार टोक तयार होते. ते टरफल सोलण्यासाठी खरडणे आवश्यक असते. झोपून उठल्यावर पाठ आणि खांदे ताणण्याचाही तोच मार्ग. तिसरे कारण आपल्याला दिसत नाही : बोटांच्या मधल्या ग्रंथींतून गंध पाझरतो आणि खरडलेल्या जागी ‘ही हद्द माझी’ अशी खूण राहते. म्हणूनच मांजर घराच्या दर्शनी भागात, दरवाजाजवळ, खिडकीपाशी आणि माणसे जेथे बसतात तेथे खरडते. खाली आवारात भटका बोका फिरकू लागला, की घरातील मांजराचे खरडणे अचानक वाढते, याचे रहस्य हेच.

वाड्यात किंवा कौलारू घरात हा प्रश्नच नव्हता. परसात शेवगा होता, आंबा होता, निदान लाकडी खांब तरी होता. सातव्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये यांतील काहीच नाही. तेव्हा मांजराला खरडण्यापासून परावृत्त करण्याचा नाद सोडून खरडण्याची जागा बदलणे, एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते फारसे अवघडही नाही.

मांजर मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणले जाईल एवढा, सुमारे तीन फूट उंच खांब हवा. तो जड आणि पक्का हवा. एकदा डगमगला तर मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. बाजारात घायपाताचा दोर गुंडाळलेले तयार खांब मिळतात. सुताराकडून लाकडी ओंडका बसवून घेऊन त्यावर जाड सुतळी घट्ट गुंडाळली किंवा फळीवर गोणपाट ठोकले तरी तेच काम भागते. नख रुतावे आणि धागे सुटावेत, हे मांजराला हवे असते. लोंबणाऱ्या धाग्यांमुळे खांब ओंगळ दिसू लागला म्हणून तो फेकून नवा आणण्याची घाई करू नये. तो आता कुठे मांजराचा झालेला असतो. काही मांजरांना उभे नव्हे, आडवे खरडायला आवडते. गालिच्यावर नखे चालविणाऱ्या मांजरासमोर खांब ठेवून उपयोग नाही. त्याला जमिनीवर काथ्याचे पायपुसणे द्यावे.

सर्वांत अधिक चुका जागेच्या बाबतीत होतात. पैसे मोजून आणलेला खांब शोभा जाते म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवला जातो आणि मांजर पुन्हा सोफ्याकडे वळते. खांब सोफ्याला खेटूनच ठेवावा, दुसरा मांजराच्या झोपण्याच्या जागेजवळ. त्याच वेळी सोफ्याच्या हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. पंजाला चिकट लागलेले मांजराला खपत नाही. खांब वापरल्याबरोबर आवडीचा खाऊ द्यावा. सवय पक्की झाली, की खांब रोज थोडा थोडा सरकवत हव्या त्या जागी नेता येतो. पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणाऱ्या खोकली या वनस्पतीच्या ताज्या मुळाकडे मांजरे वेड्यासारखी ओढली जातात. ते मूळ खांबावर घासण्याची युक्ती करून पाहण्यासारखी आहे.

मारणे, पाणी उडविणे, पंजे धरून खांबावर घासणे यांतून मांजर एवढेच शिकते, की हा माणूस घरात नसताना खरडावे. सोफ्यावर डांबराच्या गोळ्या ठेवण्याचा किंवा नीलगिरीचे तेल शिंपडण्याचा घरगुती उपाय तर अजिबात करू नये. हे दोन्ही पदार्थ मांजराला विषारी आहेत.

नखे मात्र कापावीतच. दोन ते तीन आठवड्यांतून एकदा, मांजर सुस्तावलेले असताना, पंजाचे बोट हलकेच दाबले की नख बाहेर येते. त्याच्या आतील गुलाबी भाग जिवंत असतो, त्यात रक्तवाहिनी असते; त्याच्या पुढचे पांढरे टोक तेवढे कापायचे. एका बैठकीत दोनच नखे झाली तरी हरकत नाही. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊ नये, ती मांजराचा जीव घेऊ शकते. म्हाताऱ्या मांजराची नखे खरडणे कमी झाल्याने वळून गादीत रुततात, तेव्हा त्यांच्याकडे अधिक लक्ष हवे. नखांवर चिकटविण्याच्या मऊ टोप्याही मिळतात. त्या चार ते सहा आठवड्यांत गळून पडतात आणि पुन्हा लावाव्या लागतात; मांजर गरीब स्वभावाचे असेल तरच हे जमते.

ओरखडा आणि आरोग्य

सोफ्याचे एक ठीक. घरात तान्हे मूल असेल, आजी-आजोबांची कातडी नाजूक झाली असेल, तर काय करायचे, हा प्रश्न खरा गंभीर आहे. पिल्लू असताना हाताची बोटे नाचवून त्याच्याशी खेळण्याची सवय बहुतेक ओरखड्यांच्या मुळाशी असते. मोठेपणी ते हाताला खेळणेच समजते. दोरीला बांधलेले पीस किंवा कागदाचा बोळा यांनी खेळवावे आणि मुलांना झोपलेले मांजर उचलू देऊ नये.

आपल्या देशात ओरखड्याकडे आणखी एका कारणाने दुर्लक्ष करता येत नाही, ते म्हणजे रेबीज. मांजर पंजे चाटते, त्यामुळे नखांवर लाळ असते. ओरखडा उठला की ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार, संशयित प्राण्याने काढलेल्या रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस सांगितली आहे. रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही. घरातील मांजराचे रेबीजचे लसीकरण दरवर्षी वेळेवर करून घेणे हा यावरचा खरा उपाय. ओरखड्यातून ‘बार्टोनेला’ जिवाणूंचा तापही होऊ शकतो. तो मांजरांत पिसवांमुळे पसरतो, म्हणून पिसवांचा नायनाट करावा. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशा रुग्णांच्या घरातील मांजराचीही नखे काढून टाकावीत, असा सल्ला अमेरिकी आरोग्य यंत्रणा देत नाहीत. जाता जाता, गरोदरपणात ज्या टॉक्सोप्लाझ्माची भीती घातली जाते, तो ओरखड्यातून नव्हे तर विष्ठेतून पसरतो. त्या काळात वाळूची पेटी दुसऱ्या कुणी तरी साफ करावी, म्हणजे झाले.

परदेशातून परतणाऱ्या काही कुटुंबांबरोबर नखे आधीच काढलेले मांजरही येते. अशा मांजराला एकटे बाहेर सोडू नये. आवारातील कुत्र्यापासून पळून झाडावर चढणे त्याला अवघड असते, त्यामुळे खिडक्यांना जाळी अत्यावश्यक. पेटीत खरखरीत मातीऐवजी बारीक, मऊ वाळू किंवा कागदाचे कपटे घालावेत. ते एकाएकी चावू लागले, उडी मारेनासे झाले किंवा गादीवर घाण करू लागले, तर त्याला रागावण्याआधी पशुवैद्यकाकडे नेऊन पंजांचा एक्स-रे काढून घ्यावा. आत राहिलेला हाडाचा तुकडा काढल्यावर अशा मांजराला आराम पडू शकतो.